लुटुपुटीच्या खेळाचे मैदान

विटेची मोटार करायची, करंजाच्या पानाची नोट करायची, ओढणीचे टोक डोक्यावर घेऊन आई व्हायचे आणि समोरच्या पोराला ‘अजून आंघोळ नाही केली?’ म्हणून दटावायचे, या खेळाला लुटुपुटीचा किंवा खोटा-खोटा खेळ म्हणतात. साधारण दीड वर्षाच्या सुमारास त्याची पहिली चिन्हे दिसू लागतात. मूल रिकामी वाटी तोंडाला लावून पाणी प्यायल्यासारखे करते आणि पुढे काही दिवसांनी तीच वाटी बाहुलीच्या तोंडाला लावते. तीन ते सहा-सात या वयात हा खेळ ऐन भरात असतो. सुरुवातीला तो एकट्याचा असतो, मग शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलाचा, आणि चार वर्षांच्या पुढे आठ-दहा जणांची अख्खी वस्ती त्यात वसू लागते.

मूल जे पाहते तेच खेळायला घेते, म्हणून या खेळात त्या त्या गावाचा मुलूख उतरतो. जालना शहरात मोंढ्याच्या आसपास वाढणाऱ्या मुलांच्या खेळात आडत, लिलाव आणि हमाल येतात. बदनापूर-अंबडकडे मोसंबीच्या बागा आहेत, तिथे गोल दगडांची मोसंबी होते आणि फुटक्या क्रेटमध्ये भरून ती ‘गाडीत’ चढते. पोळ्याच्या आठवड्यात घरोघरी मातीचे बैल होतात, त्यांच्या शिंगांना रंग लागतो, त्यांची मिरवणूक निघते. धुळवडीला जालन्यात निघणारा हत्ती रिसाला पाहिलेली मुले पुढे कित्येक दिवस कोणाला तरी हत्ती करून राजा मिरवतात. मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड या तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर जातात. त्या कुटुंबांतल्या मुलांच्या भातुकलीत राहायची कोपी असते, मुकादम असतो आणि पहाटे अंधारात निघणारी गाडीही असते.

असा एखादा खेळ जरा वेळ जवळून पाहिला म्हणजे त्यात किती काम चाललेले असते ते कळते. लिंबाच्या झाडाखाली आठवडी बाजार भरला आहे. चार विटांचे दुकान झाले, पोत्याचा तुकडा अंथरला, दोन करवंट्या सुतळीने काडीला बांधल्या की तराजू तयार. निंबोळ्या म्हणजे शेंगदाणे, मुरमाचे खडे म्हणजे डाळ, वाळूची साखर. पण खेळ सुरू व्हायच्या आधीच दहा मिनिटे वाद होतो. ‘मी मालक, तू गिऱ्हाईक.’ ‘नाही, काल तूच होतास.’ मग ‘थोड्या वेळाने बदलायचं’ या अटीवर तह होतो. गिऱ्हाईक भाव पाडून मागते, मालक ‘परवडत नाही’ म्हणतो, आणि मध्येच तोच मालक आवाज बदलून सांगतो, ‘तू आता निघून जायचं हं, मग मी तुला बोलावतो.’ एवढे सांगून तो लगेच पुन्हा मालकाच्या आवाजात बोलू लागतो. एकाच मिनिटात त्याने नट, लेखक आणि दिग्दर्शक अशी तिन्ही कामे केलेली असतात. खेळात असताना खेळाविषयी बोलण्याच्या या क्षमतेकडे ग्रेगरी बेटसन या मानववंशशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात लक्ष वेधले. ‘हे खरे नाही, हा खेळ आहे’ हा संकेत देता आणि घेता येणे ही संवादाची बरीच वरची पायरी आहे, असे त्याचे म्हणणे होते.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे याने आपल्याच तीन मुलांच्या खेळाच्या बारीक नोंदी ठेवल्या आणि १९४५ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. समोर नसलेली गोष्ट मनात आणून तिच्या जागी दुसरे काही उभे करता येणे, ही चिन्हे वापरण्याची क्षमता त्याला या खेळात दिसली. हीच क्षमता पुढे भाषेत, चित्रात आणि अंकात कामाला येते. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की याने १९३३ मध्ये लेनिनग्राडला दिलेल्या व्याख्यानात काठीच्या घोड्याचे उदाहरण घेतले. लहान मुलाला ‘घोडा’ हा अर्थ खऱ्या घोड्यापासून सुटा करून नुसता मनात धरता येत नाही, त्याला आधाराला काहीतरी लागते. ज्यावर टांग टाकून बसता येते ती काठी हा आधार होते. पोस्टकार्डाचा मात्र घोडा होत नाही, कारण त्याच्यावर बसण्याची क्रियाच करता येत नाही. हा मुद्दा मैदान आखणाऱ्याने विशेष लक्षात ठेवावा असा आहे. वस्तू हुबेहूब असण्याची गरज नसते, पण तिच्याशी ती क्रिया करता आली पाहिजे.

वायगॉट्स्कीचा दुसरा मुद्दा नियमांचा आहे. लुटुपुटीचा खेळ मोकाट वाटतो, पण तो नियमांनी घट्ट बांधलेला असतो. जी मुलगी डॉक्टर झाली आहे तिने रडायचे नसते, आणि जो आजारी आहे त्याला कितीही वाटले तरी उठून पळता येत नाही. खेळातल्या भूमिकेसाठी मूल आपली ऊर्मी आवरते, आणि तेही आनंदाने. याच परंपरेतल्या मनुइलेन्को या संशोधिकेचा प्रयोग १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मुलांना नुसते ‘हलू नकोस, उभा राहा’ सांगितले तर ती लवकर चुळबुळू लागत, पण त्यांना खेळातला पहारेकरी केले की तीच मुले कितीतरी जास्त वेळ स्तब्ध उभी राहत. पहारेकऱ्याने हलायचे नसते, हे त्यांना पुन्हा सांगावे लागत नसे.

सोबतीने खेळण्याचीही एक चढण आहे. मिल्ड्रेड पार्टेन हिने १९३२ मध्ये तिचे टप्पे मांडले: एकट्याने खेळणे, दुसऱ्याचे नुसते पाहणे, शेजारी बसून आपापले खेळणे, देवघेव करत खेळणे आणि शेवटी काम वाटून घेऊन एकत्र खेळणे. मैदानाच्या कडेला बोट तोंडात घालून उभे असलेले मूल ‘खेळत नाही’ अशी समजूत सर्रास असते. वास्तविक ते पाहत असते, आणि पाहणे हाही खेळात शिरण्याचा एक टप्पा आहे. त्याला उभे राहायला किंवा टेकायला जागा हवी, आणि कोणी हात धरून मध्ये ढकलू नये.

या खेळाच्या फायद्यांविषयी हल्ली बराच उत्साह आहे, म्हणून पुराव्याची मर्यादाही सांगायला हवी. अँजेलिन लिलार्ड आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा मोठा आढावा घेतला. अशा खेळामुळेच सर्जनशीलता किंवा बुद्धी वाढते असे ठामपणे म्हणता येईल इतका भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. भाषा, गोष्ट रचणे आणि भावना आवरणे यांच्याशी त्याचा संबंध दिसतो, पण या गोष्टी खेळामुळे येतात, की खेळासोबत होणाऱ्या बोलण्यामुळे व सोबतीमुळे, हे अजून पुरते उलगडलेले नाही. मैदानाच्या दृष्टीने याने फारसे बिघडत नाही. वेगवेगळ्या वयांची मुले, भरपूर बोलणे आणि मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी तिथे एकत्र येतात. शिवाय मुलाला खेळायला मिळावे याला गुणपत्रकाची गरज नाही. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३१ खेळ हा मुलांचा हक्क मानते आणि भारताने ती संहिता १९९२ मध्ये स्वीकारली आहे.

मराठवाड्यातल्या मुलांनी या खेळाची सामग्री पिढ्यानपिढ्या शेतातून आणि उकिरड्यावरून गोळा केली. ज्वारीच्या चिपाडाची बैलगाडी हा त्यातला उत्तम नमुना. सुगी झाली, कडबा रचला गेला की मुले चांगले जाड, वाळलेले धांडे निवडतात. वरची साल दातांनी किंवा खापरीच्या धारेने सोलून निघते. तिची पाती चिवट आणि टोकदार असतात. आतला पांढरा गाभा मऊ आणि हलका असतो. गाभ्याचे तुकडे करायचे आणि सालीच्या काड्या खिळ्यांसारख्या त्यांत खुपसून जोडायचे: दोन लांब तुकड्यांच्या साट्या, आडवे तुकडे, पुढे जू. सालीचीच पट्टी वाकवून गोल चाक होते. याच पद्धतीने चष्मा होतो, खाट होते, घर होते. गाडी तयार झाली की तिला मातीचे बैल जुंपतात, सरकीची किंवा मातीच्या ढेकळांची पोती तीत भरतात आणि बाजाराला निघतात. चार दिवसांत गाडी मोडते. पुन्हा धांडे शोधायचे, पुन्हा जुळवायचे. बांधकाम आणि लुटुपुटी इथे एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. सालीने बोट कापते हेही खरे आहे, आणि ती काळजी मुले पहिल्या एक-दोन गाड्यांतच शिकतात.

या घरगुती सामग्रीला शिक्षणात मान मिळवून देण्याचे काम महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी केले. मॉन्टेसोरी पद्धतीची साधने महाग होती, खेड्याला परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली. मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शिक्षिका त्यांच्या वस्तीत गेल्या आणि अंगणातच वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ तिथे जन्मली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरवली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. आज जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत, गावोगावी आणि वाड्यावस्त्यांवर अंगणवाड्या आहेत. पायाभूत स्तरासाठीचा २०२२ चा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडाही तीन ते आठ वर्षांच्या मुलांचे शिक्षण खेळातून व्हावे असे सांगतो. म्हणजे विचार नवा नाही आणि यंत्रणाही आहे. अडचण आहे ती अंगणाची. पुष्कळ ठिकाणी खोली बांधली जाते, बाहेरची जागा तशीच राहते.

शहरात आणि मोठ्या गावांत मुलांसाठी जागा आखली की तिथे घसरगुंडी, झोपाळा, सीसॉ आणि गोल फिरणारी चकरी येते. या साधनांचा उपयोग आहे. झोपाळ्याने तोल समजतो, चढण्या-उतरण्याने हातापायांत बळ येते, आणि झोका हा तर नागपंचमीमुळे आपल्याकडे लाडका. पण यातल्या प्रत्येक साधनाचे एकच काम ठरलेले असते, आणि बहुतेक साधनांवर एका वेळी एकाच मुलाला किंवा दोघांना ते करता येते. मग रांग लागते, भांडण होते, मोठी मुले पुढे घुसतात. लोखंडी घसरगुंडीची आणखी एक अडचण जालन्यासारख्या जिल्ह्यात टाळता येत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४० अंशांच्या वर जातो आणि उन्हातला पत्रा कातडी भाजेल इतका तापतो. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत ते साधन नुसते उभे असते. लुटुपुटीच्या खेळासाठी अनेकदा मुले घसरगुंडीच्या शिडीखालची सावलीची जागा वापरतात. आखणाऱ्याने जिथे काहीच ठेवले नाही तिथे घर मांडले जाते.

ही गोष्ट डेन्मार्कच्या कार्ल थिओडोर सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या लक्षात आली होती. त्याने आखलेल्या नीटनेटक्या मैदानांपेक्षा मुले बांधकामाच्या ढिगाऱ्यावर अधिक रमतात, हे पाहून त्याने टाकाऊ सामानाच्या मैदानाची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धात, डेन्मार्क जर्मनीच्या ताब्यात असताना, १९४३ मध्ये कोपनहेगनजवळ एम्ड्रप येथे ती प्रत्यक्षात आली. तिथे फळ्या, विटा, दोर, माती होती, मुलांनी स्वतः घरे बांधावीत अशी सोय होती आणि लक्ष ठेवायला एक प्रौढ मदतनीस होता. युद्धानंतर ब्रिटनच्या लेडी अ‍ॅलन यांनी ते पाहिले आणि बॉम्बहल्ल्यांत उद्ध्वस्त झालेल्या जागांवर तसली मैदाने उभी राहावीत यासाठी झटल्या. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आल्डो व्हान आइक या वास्तुरचनाकाराने १९४७ ते १९७८ या काळात सातशेहून अधिक छोटी मैदाने आखली. दोन इमारतींमधली पडीक जागा, चौकाचा कोपरा, असल्या ठिकाणी त्याने वाळूचा हौद, बुटके गोल दगड आणि लोखंडी कमानी एवढेच मांडले. त्या कमानीचे काय करायचे हे ती सांगत नाही. ती घुमट होते, डोंगर होते, दुकानही होते. पुढे १९७१ मध्ये सायमन निकल्सन याने एका लेखात हेच सूत्रात मांडले. एखाद्या जागेत शोध आणि निर्मिती किती घडेल हे तिथे हलवता, जोडता, मोडता येणाऱ्या सुट्या वस्तू किती आणि किती तऱ्हेच्या आहेत यावर ठरते, असे त्याचे म्हणणे होते.

व्हान आइकच्या बुटक्या दगडांकडे पाहताना मराठी माणसाला गावातला पार आठवावा. झाडाभोवतीचा दीड-दोन फूट उंचीचा ओटा म्हणजे मुलांच्या खेळासाठी तयारच असलेले व्यासपीठ आहे. तिथे रंगमंच होतो, बस होते, किल्ला होतो, आणि वडीलधारी मंडळी टेकलेली असल्याने राखणही आपोआप होते. जालन्यातल्या एखाद्या वस्तीत असे मैदान करायचे तर सुरुवात पारापासून करावी. ते मैदान मोठे असण्याची गरज नाही. घरापासून दोन-तीन गल्ल्यांच्या आत, वाहता रस्ता न ओलांडता चार वर्षांचे मूल मोठ्या बहिणीचे बोट धरून जाऊ शकेल, अशी जागा हवी. शहराच्या मध्यावर एक मोठे उद्यान असले तरी तिथे मूल रविवारी आईवडिलांबरोबर जाते, आणि लुटुपुटीचा खेळ तर रोजचा असतो. कालचा बाजार आज पुढे चालवायचा असतो.

जमिनीचा विचार आधी करावा लागतो. जिल्ह्याच्या मोठ्या भागात काळी कसदार जमीन आहे. पावसाळ्यात ती फुगते, चिकटते, पायाला गोळे लागतात, आणि उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. तिच्यावर थेट फरशी टाकली तर दोन पावसाळ्यांत ती उखडते, हे इथल्या गवंड्यांना सांगावे लागत नाही. म्हणून वरची काळी माती काढून मुरूम भरून दाबून घ्यावा, पाण्याला उतार द्यावा. पण काढलेली सगळी काळी माती टाकून देऊ नये. एका कोपऱ्यात विटांच्या बुटक्या कठड्याआड तिचा ढीग ठेवावा. बैल, चूल, बोळकी, भाकरी हे सगळे त्याच मातीचे होते. ओली काळी माती हातात आकार धरते तसा मुरूम धरत नाही.

वाळूचा हौद एक-दीड फूट खोल असावा, तळाला खडी असावी म्हणजे पाणी साचणार नाही, आणि रात्री त्यावर ताडपत्री किंवा गोणपाट ओढावे म्हणजे कुत्री-मांजरे घाण करणार नाहीत. गोदावरी जिल्ह्याची दक्षिण सीमा आखते, पण नदीची वाळू आता महाग आहे आणि तिचा उपसा नदीलाही महाग पडतो. खेळापुरती थोडीच वाळू लागते, आणि चाळलेल्या बारीक मुरमावरही मुलांचे भागते. पाण्याचे तसेच. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना सर्वाधिक होरपळलेल्या जिल्ह्यांपैकी होता. तिथे पाण्याचे कारंजे असलेले मैदान सुचवणे बरे नाही. हापशाच्या ओट्यावरून वाहून जाणारे पाणी एका उथळ पन्हळीतून मातीच्या ढिगाकडे नेले तर दोन बादल्यांत दिवसभराचे धरण, पाट आणि शेत होते. ज्या मुलाने स्वतः बांध घालून पाणी अडवले आहे त्याला पुढे पाणलोटाचा धडा परका वाटत नाही.

सावली झाडाचीच बरी. पण झाड मोठे व्हायला वर्षे लागतात, म्हणून तोवर बांबूचा मांडव आणि त्यावर गोणपाट किंवा हिरवी जाळी असावी. कडुनिंब, करंज, चिंच, उंबर, वड ही झाडे सावलीबरोबर खेळाचा माल देतात: निंबोळ्या, शेंगा, चिंचोके, पाने, काटक्या. मात्र भातुकलीत पानाफुलांचा स्वयंपाक होतो आणि लहानगे तो खरेच तोंडात घालते, हे लक्षात ठेवून लागवड करायला हवी. रस्ता दुभाजकांवर आणि शोभेसाठी सर्रास लावली जाणारी कण्हेर, विशेषतः पिवळी कण्हेर, विषारी आहे. तिच्या बियाही मुले खेळायला घेतात. एरंड, धोतरा, गुंज यांनाही मैदानात आणि कुंपणात थारा नसावा. फळबियांचा आणखी एक धोका तीन वर्षांच्या आतल्या मुलांना असतो. चिंचोका नाकात जातो, गजगा घशात अडकतो. म्हणून अगदी लहानांचा कोपरा वेगळा ठेवून तिथे मोठ्या आकाराच्याच वस्तू ठेवणे शहाणपणाचे.

घर मांडायला आडोसा लागतो. मुलाला आपण लपलो आहोत असे वाटावे आणि मोठ्यांना मात्र डोकी दिसावीत, यासाठी दोन-अडीच फुटांची भिंत पुरते. अशा पाच बाय पाच फुटांच्या, एका बाजूने उघड्या तीन-चार खोल्या एकमेकींजवळ असाव्यात, कारण बाजार असेल तर दवाखाना लागतो, आणि घर असेल तर पाहुणे यायला दुसरे घर लागते. त्यांना छप्पर नसले तरी चालते, भिंतीत चादर अडकवायला खुंट्या मात्र हव्यात. एका भिंतीला खिडकी ठेवली की ती तिकीटघर, रेशनदुकान, बँक, वाटेल ते होते. या खोल्यांवर ‘दवाखाना’, ‘पोस्ट’ अशी नावे रंगवण्याचा मोह आवरावा. नाव रंगवले की ती खोली तेवढीच उरते. कठडे आणि जाळ्या करताना साडेतीन ते नऊ इंचांच्या दरम्यानच्या फटी राहू देऊ नयेत. त्यांतून लहान मुलाचे अंग जाते आणि डोके अडकते.

सुट्या वस्तू हा या मैदानाचा खरा खजिना, आणि जालन्यात तो गोळा करणे अवघड नाही. मोंढ्यातला फाटका बारदाना, मोसंबीचे मोडके पण खिळे नसलेले क्रेट, दोराची रिकामी रिळे, नारळाच्या करवंट्या, बांबूचे दोन-दोन फुटांचे तुकडे, पऱ्हाट्या, चिपाडे, जुन्या साड्या, ओढण्या, डबे, बंद पडलेला फोन, मोटारीचे टायर. हे शहर लोखंडाच्या गिरण्यांचे आहे, त्यामुळे भंगारही मुबलक मिळते. तरीही लोखंडाचे कापलेले तुकडे, पत्रे, तारा आणि तेलकट पिंपे मैदानात आणू नयेत. बियाणे ही जालन्याची दुसरी ओळख आहे, पण औषध लावलेल्या बियाण्यांची पाकिटे, कीटकनाशकांचे डबे आणि खताची न धुतलेली पोती खेळात येता कामा नयेत. सुटी वस्तू निवडताना वायगॉट्स्कीची काठी आठवावी. प्लास्टिकची हुबेहूब छोटी गॅसशेगडी एकच खेळ देते, तीन विटा मात्र सकाळी चूल, दुपारी मोटार आणि संध्याकाळी मखर होतात. तीन वर्षांच्या आसपास खेळ सुरू करून द्यायला थोड्या ओळखीच्या वस्तू लागतात, हेही खरे. खरी कढई, खरे लाटणे, खरा तराजू अशा दोन-चार गोष्टी ठेवाव्यात.

जागा कुठून आणायची याचे उत्तर बरेचसे कायद्यातच आहे. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीची आखणी करताना किमान १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. जालना शहरात २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. शहराच्या कडेने नव्या वसाहती वाढत आहेत, आणि आखणीच्या नकाशात अशा मोकळ्या जागा असतात. प्रत्यक्षात त्यांवर काटेरी झुडपे वाढतात, बांधकामाचा राडारोडा पडतो, वाहने उभी राहतात किंवा एखादे पक्के बांधकाम उभे राहते. खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेचे मैदान हा दुसरा आधार. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या अनुसूचीत शाळेला मैदान असणे बंधनकारक आहे. अंगणवाडी त्याच आवारात असेल तर शाळा सुटल्यावर फाटकाला कुलूप न लावणे, एवढ्या एका निर्णयाने गावाला मैदान मिळते.

जागा मिळाली तरी ती कोणाची होते हा प्रश्न राहतो. सपाट, मोकळे मैदान हमखास क्रिकेटकडे जाते. पंधरा वर्षांची बारा मुले चेंडूमागे धावू लागली की चार वर्षांची पोरे आणि मुली कडेला सरकतात आणि मग येईनाशा होतात. यावर दटावणे हा उपाय टिकत नाही, आखणीचा उपाय टिकतो. मधली जागा खेळाडूंना ठेवावी आणि पार, खोल्या, मातीचा ढीग, झाडे ही एका कडेला, चेंडूच्या वाटेपासून दूर, बुटक्या भिंतीआड घ्यावीत. मुलींची अडचण याहून मोठी आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड असते आणि डोक्यात घरचे काम असते. लहानग्याला मातीत सोडून तिला वीस मिनिटे गजगे खेळता येतील किंवा बाजारातली मालकीण होता येईल, असा कोपरा मैदानात असेल तरच ती येते. जवळ स्वच्छ शौचालय आणि दिवेलागणीला उजेड असला तर तिला आणखी थोडा वेळ थांबता येते. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मुलासाठी एका खोलीचे दार तीन फूट रुंद आणि रस्ता बिनपायऱ्यांचा असावा. वाळूच्या हौदाची एक बाजू उचलून टेबलाच्या उंचीला आणावी, म्हणजे त्यालाही भाकरी थापता येते.

मोठ्या माणसाचे काम कमी असले तरी नाजूक आहे. सारा स्मिलान्स्की हिने इस्राएलमधल्या गरीब स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात, १९६८ मध्ये, असे दाखवले की मोठ्या माणसाने खेळात थोडी भूमिका घेतली तर खेळ लांबतो आणि भाषा वाढते. पुढे त्या अभ्यासावर टीका झाली. गरीब घरची मुले कमी खेळतात असे जे दिसले, त्यात अनोळखी खोली आणि अनोळखी खेळणी यांचा किती वाटा होता, असा तो आक्षेप होता. आक्षेप योग्यच वाटतो. ज्याने कधी सोफासेट पाहिला नाही त्याला बाहुलीचा सोफासेट देऊन त्याची कल्पनाशक्ती मोजणे अन्यायाचे आहे. कोपी आणि कोयता पाहिलेल्या मुलाला चिपाडे आणि पोते दिले की तो काय मांडतो ते पाहावे. अंगणवाडी सेविकेने किंवा आजीने गिऱ्हाईक होऊन ‘पावशेर साखर द्या, आणि उधारी मांडून ठेवा’ एवढे म्हणावे, आणि खेळ चालू लागला की बाजूला व्हावे. ‘हे काय आहे सांग’, ‘किती झाले मोज’ अशी परीक्षा सुरू केली की खेळ मोडतो. भांडणात हात घालण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण बहुतेक भांडणे भूमिकांची असतात आणि मुले ती मिटवतात. मार बसत असेल, किंवा कोणाला जातीवरून, धर्मावरून, अंगाच्या वासावरून खेळाबाहेर काढले जात असेल, तर मात्र लगेच मध्ये पडावे लागते.

सुट्या वस्तू हरवतात, मोडतात, घरी जातात. त्या हरवू नयेत म्हणून कुलपात ठेवल्या तर मैदान पुन्हा रिकामे होते, म्हणून हरवणे खर्चात धरूनच चालावे. झाकण असलेली एक मोठी पेटी पाराजवळ असावी. तिची किल्ली जवळच्या दुकानात किंवा सेविकेकडे असावी आणि ती पेटी सकाळी उघडणे, दिवेलागणीला मुलांकडूनच भरून घेणे हा रिवाज पडावा. महिन्यातून एकदा वाळू उलटीपालटी करून काचा, खिळे, काटे वेचावेत, दोऱ्या आणि झोपाळ्याच्या कड्या तपासाव्यात. पावसाळ्यात बारदाना कुजतो, त्याखाली विंचू आणि साप येऊ शकतात, म्हणून जूनआधी तो काढून टाकावा. नवी भर वर्षातून दोनदा सोयीची पडते: पोळ्याच्या आधी मातीची, आणि रब्बीची ज्वारी निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये, चिपाडांची. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या त्यानंतरच्या आठवड्यांत गावाकडे परतू लागतात. त्यामुळे ती मुले मैदानात येतील तेव्हा खेळायला ताजे सामान असते.